कोथळीगडावरचा बेकायदा उजेड

नवीन ठोंबरे कशाला घाबरत नाही, हे त्याच्या बायकोला लग्नाच्या इतक्या वर्षांत सापडलेलं नव्हतं. तो कुकरच्या शिट्टीला घाबरे. लिफ्टला घाबरे, आणि लिफ्ट बंद असली की जिन्यातल्या कुत्र्याला घाबरे. अनोळखी नंबरवरून फोन आला तर दचके आणि ओळखीच्या नंबरवरून आला तर त्याहून जास्त दचके, कारण ओळखीची माणसं काहीतरी काम सांगतात. साजगावच्या एका कारखान्यात तो स्टोअर सांभाळायचा. तिथे आपल्याला कुणाची भीती वाटत नाही असं तो सांगे. पण दिलेले नटबोल्ट परत मागून पुन्हा मोजायची त्याची सवय सगळ्या कारखान्याला पाठ होती.

अशा माणसाने छंद म्हणून युद्ध निवडावं, याला आता काय म्हणायचं? तेही टेबलावरचं युद्ध. अंगठ्याएवढे सैनिक, फासे आणि मोजपट्टी एवढ्यावर लोक अख्खा रविवार लढतात. अशी मंडळी बदलापूरला जमत. नवीन तिथे एकदाच गेला. समोरच्याने फासे इतके जोरात आपटले की नवीनच्या हातातला चहा त्याच्याच घोडदळावर सांडला. तेव्हापासून तो लढाईत उरला तो फक्त सैनिक रंगवण्यापुरता. त्यात मात्र त्याचा हात असा होता की सैनिकाच्या मिशीचा पीळ वेगळा दिसावा. चार केसांचा ब्रश हातात धरून, श्वास रोखून तो बसला की कुकरने कितीही शिट्ट्या मारोत, नवीन हलत नसे. तेवढा वेळ त्याला कशाचीच भीती वाटत नसे, आणि हे त्याचं त्यालाही ठाऊक नव्हतं.

यंदाची भीती मात्र खरी होती. नेरळच्या त्या सोसायटीत ते भाड्याने राहात. करार दिवाळीनंतर संपत होता आणि घरमालकाने कळवलं होतं, चेअरमनचं ना हरकत पत्र आणा, नाहीतर खोली मोकळी करा. कर्जत, खोपोली, मग चौक गावाजवळची ती गळकी खोली, असं करत करत ठोंबऱ्यांचं बिऱ्हाड इथे टेकलं होतं. इथे रोहिणीची शिलाई मशीन खिडकीशी लागली होती. बिल्डिंगमधल्या बायका ब्लाउज शिवायला तिच्याकडे येत होत्या, बसत होत्या, रडत होत्या, हसत होत्या. दाराबाहेर कुणाचं पाऊल वाजलं तर ती नाव सांगायची.

"हे बघा," रोहिणी म्हणाली होती, "आता परत बोचकी बांधायला लावलीत ना, तर मी बोचक्यांसकट पोशीरला तुमच्या आईकडे जाईन. तुम्ही खुशाल राहा इथे जिन्यात."

जिन्यात तो कुत्रा होता.

चेअरमन म्हणजे बडेकर काका. जन्म गेला वीज खात्यात वायरमन म्हणून. खांबावर चढणं सुटलं तरी वरून बोलणं सुटलं नव्हतं. गणपतीत कुणीतरी शोभेच्या माळा वाटेल तशा जोडल्या, मीटर रूममधून धूर आला, आणि काकांनी त्याच संध्याकाळी नियम केला: आवारात शोभेची लाइट लावायची नाही. पणत्या लावा, आकाशकंदिलातही पणतीच ठेवा, पण वायर दिसता कामा नये. हा नियम त्यांनी स्वतः लिहून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून गेटवर टांगला होता. त्यांच्याकडे नवीनचा ना हरकतीचा अर्ज गेला महिनाभर पडून होता. नवीनने तो दिला खरा, पण देताना काका खेकसले म्हणून तो आठवण करून द्यायला परत गेलाच नाही.

तोड रोहिणीने काढली. बडेकर काका मूळचे आंबिवलीकडचे, कोथळीगडाच्या पायथ्याचे. दर दिवाळीला पार्किंगच्या कोपऱ्यात ते स्वतःच्या हाताने कोथळीगड उभा करत. दुसऱ्या कुणाची गड करायची टाप नव्हती. गोणपाट, लाल माती, मोहरी पेरून काढलेलं गवत, आणि गडाच्या पोटातून वर जाणाऱ्या कोरीव पायऱ्या. त्या ते जुन्या बांगड्यांच्या पेटीच्या पुठ्ठ्याच्या करत. मावळे मात्र बाजारातले, मातीचे, सगळ्यांचा चेहरा एकाच साच्याचा.

"तुमचे ते सैनिक द्या ना काकांना," रोहिणी म्हणाली. "खूश होतील. खुशीत सही करतील."

काकांसमोर जाऊन उभं राहायचं या विचाराने नवीनला घाम फुटला. पण जिन्यातला कुत्रा आठवला आणि तो गेला. काका म्हणाले, "दे. पन चांगलं दे. माज्या गडावर भंगार नाय चालत."

तर आता मावळे. नवीनकडचे सैनिक परदेशी, नाकं धारदार, डोक्यावर लोखंडी टोप. त्याने पुटीच्या मऊ लगद्याने टोपांवर पगड्या चढवल्या, भाल्यांची टोकं कापून मशाली केल्या. इथपर्यंत ठीक होतं. पण मशाल हातात असलेल्या माणसाच्या अंगावर उजेड नको का पडायला? त्याने मोबाइलवर पाहिलं होतं, जाणते लोक नुसत्या रंगाने असा उजेड पाडतात की बाहुलीच्या हातात खरंच काही पेटलंय असं वाटावं. दिवा नाही, सेल नाही, फक्त रंग. ते पाहिल्यापासून त्याची झोप उडाली होती. एवढी एक गोष्ट जमली तर आपण जन्माला येऊन काहीतरी केलं, असं त्याला वाटे.

पहिला मावळा त्याने पिवळाधम्मक केला. तो हळदीच्या मांडवातून पळून आल्यासारखा दिसू लागला. दुसऱ्याला नारिंगी दिली तर काविळीवर उन्हाळी लागल्यासारखा झाला. नवीन रडकुंडीला आला. मग रोहिणीच म्हणाली, "लाइट गेल्यावर मेणबत्तीत माणूस कसा दिसतो, ते बघा की एकदा."

म्हणून स्वयंपाकघराचे पडदे ओढून, दिवा बंद करून रोहिणी हनुवटीखाली मेणबत्ती धरून उभी राहिली आणि नवीन तिच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत बसला. इतकं नीट त्याने तिच्याकडे लग्नातही पाहिलं नव्हतं. तिथे अंतरपाट होता आणि नंतर फोटोग्राफर होता. आता त्याला दिसलं की उजेड थोडाच असतो. हनुवटीखाली, गालाच्या उंचवट्यावर, नाकाच्या खालच्या बाजूला, बस. बाकी सगळा अंधार, आणि त्या अंधारामुळेच तो थोडा उजेड भरभरून वाटतो. म्हणजे रंगवायचा असतो तो अंधार. अंधाराची नवीनला लहानपणापासून भीती होती, त्यामुळे तो त्याला चांगला ओळखीचा होता.

एवढ्यात समोरच्या फ्लॅटमधल्या सुप्रिया वहिनी विरजण मागायला आल्या. दार नुसतं लोटलेलं होतं. काळोखात मेणबत्तीवर तरंगणारा रोहिणीचा चेहरा आणि समोर मांडी घालून बसलेला, ओठ पुटपुटणारा नवीन पाहून त्या वाटी टाकून अशा किंचाळल्या, की वॉचमनपर्यंत ऐकू गेलं. नवीन त्यांच्याहून मोठ्याने किंचाळला. नंतर कितीही समजावलं तरी 'ठोंबऱ्यांकडे पडदे ओढून काहीतरी करतात' हे बिल्डिंगमध्ये फिरलं ते फिरलंच. वाटी मात्र त्या आठवणीने परत घेऊन गेल्या.

पण उजेड जमला. गडाच्या दरवाजावर ठेवायचा मावळा तर असा झाला, की मशालीची तांबूस धग त्याच्या हनुवटीला, गालाला लागत होती आणि पाठ काळोखात बुडालेली होती. तो गाल रोहिणीचा होता, मिशी सोडून. नवीनने तो टेबलावर ठेवला, लांब जाऊन पाहिला आणि स्वतःच घाबरला. मग त्याला इतका आनंद झाला की तो स्वयंपाकघरात जाऊन उगाच कुकरची शिट्टी पुसू लागला.

वसुबारसेच्या दुपारी काका जेवायला गेले असताना नवीनने मावळे गडावर बसवले. जाता जाता दरवाजाच्या पुठ्ठ्यावरही मशालीच्या आसपास दोन हात उजेडाचे मारले. संध्याकाळी गडासमोर पणत्या लागल्या, बायका-मुलं जमली, आणि सगळी एकदम पुढे वाकली. मशाली पेटल्या होत्या. दरवाजा उजळला होता. मोहरीच्या गवतात वारा हलला की आता ज्योती हलतील असं वाटत होतं. नवीन मागे खांबाआड उभा राहून बघत होता.

बडेकर काका पुढे आले. वाकले. चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला.

"ए नवीन. हिकडं ये रं."

नवीन गेला.

"ही लाइट कुठून खेचली?"

"काका, लाइट नाही. रंग आहे."

"रंग मला बी दिसतो. मी इचारतो, लाइट कुठली?"

"लाइटच नाही काका. उजेडाचा रंग दिलाय."

"मंग बंद कर."

"तो... बंद होत नाही काका."

काकांचा चेहरा गंभीर झाला. वीज खात्यात जन्म काढलेल्या माणसाला या वाक्याचा एकच अर्थ ठाऊक होता. "बंद होत नाय म्हंजे डायरेक घेतलीय," ते म्हणाले. "मीटर टाळून. सोसायटीच्या लायनीवरून."

आता इथे एखाद्याने सरळ समजावून सांगितलं असतं. पण घाबरलेल्या नवीनच्या तोंडून नेहमी जे आधी बाहेर पडे तेच पडलं. "चुकलं काका," तो म्हणाला.

"बघा, कबूल केलं!" सुप्रिया वहिनी म्हणाल्या.

मग सल्ल्यांना ऊत आला. वहिनींच्या मते आत चायना सेल होते आणि ते फुटतात. त्यांच्या भावजयीच्या नणंदेकडे फुटले होते. खजिनदार निलेश म्हणाला, सेल नव्हे, रेडियम आहे, आणि रेडियमने केस गळतात. हे तो स्वतःच्या टकलावरून हात फिरवत म्हणाला, त्यामुळे लोकांना पटलं आणि बायकांनी पोरांना मागे ओढलं. शेवटी इलेक्ट्रिशियन गजाला बोलावण्यात आलं. गजाने टेस्टर काढून मावळ्याच्या पगडीला लावला, डोळे बारीक केले आणि डॉक्टरने नाडी धरावी तसा उभा राहिला.

"येतोय," तो म्हणाला. "बारीक येतोय. फेज हाय. न्यूट्रल मातीत गेलाय."

"म्हंजे?"

"खणायला लागंल."

नवीनने हात जोडले. "काका, गड नका हो खणू, तुमचाच गड आहे." पण त्यामुळे तर काकांचा संशय पक्का झाला. ज्या खुरप्याने त्यांनी आठवडाभर गड उभा केला, त्याच खुरप्याने ते तो उकरू लागले. आधी तटबंदी गेली. मग मोहरीचं गवत गोणपाटासकट उलटलं. मग गडाच्या पोटातल्या पायऱ्या, ज्या पुठ्ठ्याला वळण देताना काकांनी बोट कापून घेतलं होतं, त्या एकेक करून बाहेर आल्या. वायर निघाली नाही. निघाली ती एक करवंटी आणि गेल्या वर्षीची तोफ. काका खणत होते, घामेघूम झाले होते, आणि आता थांबावं तर आपण उगाचच गड पाडला असं होईल म्हणून अजूनच खणत होते. नवीनला ते बघवेना. आपली खोली जाणार हे त्याला दिसत होतंच, पण त्या म्हाताऱ्याची मेहनत आपल्यामुळे मातीत चाललेली पाहून त्याला रडू येऊ लागलं.

आणि मग नवीनला आयुष्यात पहिल्यांदा भर गर्दीत एक युक्ती सुचली. "काका, अंधारात नेऊन बघा! खरी लाइट असेल तर अंधारात दिसेल. रंग असेल तर नाही दिसणार."

हे सगळ्यांना पटलं. मावळा घेऊन वरात मीटर रूममध्ये गेली. दार लावलं. मिट्ट काळोख झाला. नवीनने घाबरून शेजारच्या माणसाची बाही घट्ट धरली. काही दिसत नव्हतं; मशाल नाही, मावळा नाही, काहीच नाही.

"बघा!" नवीन आनंदाने ओरडला. "काही दिसतंय का?"

काळोखातून काकांचा आवाज आला. बाही त्यांचीच होती. "नाय दिसत. म्हंजे आता बंद केलीस. बटण कुठं हाय?"

निलेशने मोबाइलची बॅटरी लावली. मावळ्याची मशाल भडकन पेटली.

"परत चालू केलीस!" काका गरजले.

जगातल्या कुठल्याही कोर्टात यावर उत्तर नसावं. बाहेर येऊन काकांनी खिशातून फोन काढला. "मालकाचा नंबर हाय माज्याकडं. त्याला सांगतो, तुजा भाडेकरू लाइट चोरतो. ना हरकत इसर आता."

जिन्यातून रोहिणी खाली आली. गळ्यात शिलाईची टेप तशीच होती. एका हातात नवीनचा ब्रश, दुसऱ्यात काळ्या रंगाची बाटली. तिने सगळं वरून ऐकलं होतं.

"ती बंद करा," ती नवीनला म्हणाली.

"कशी?"

"चालू केलीत तशीच." तिचा आवाज कडक होता, पण तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. मेणबत्ती तिनेच धरली होती.

नवीन पार्किंगच्या लादीवर बसला. सगळी बिल्डिंग भोवती. बाटलीचं झाकण निलेशला उघडून द्यावं लागलं. मग त्याने ब्रश धरला, पहिला मावळा उचलला, आणि नेहमीसारखा श्वास रोखला. त्याने हनुवटीखालची तांबूस रेघ काळी केली. मग नाकाखालची. मग गाल. मशालीच्या टोकावर शेवटचा ठिपका ठेवला आणि मशाल विझली. अगदी कुणीतरी फुंकर मारल्यासारखी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत विझली. मागून एका बाईने चुक् केलं.

दुसरा मावळा विझला. तिसरा विझला. गजाने टेस्टर हळूच खिशात घातला. बडेकर काका फोन हातात तसाच धरून पुढे आले, आणि गुडघे कुरकुरत खाली, नवीनसमोर, लादीवर बसले. त्यांनी विझलेला मावळा उचलला, उलटा केला, बोटाने घासला. बोटाला काळा रंग लागला. त्यांनी ते बोट चष्म्याजवळ नेलं.

नवीनने शेवटचा उचलला. दरवाजावरचा. त्याने ब्रश गालाजवळ नेला आणि तिथेच थांबला. ब्रशाच्या टोकाला काळा थेंब जमून आला. नवीनच्या डोळ्यांतून पाणी वाहात होतं आणि एवढ्या लोकांसमोर आपण रडतोय, याची भीती वाटायलाही त्याला सुचत नव्हतं. त्याला तो गाल काळा करवत नव्हता, एवढंच.

"थांब रं," काका म्हणाले.

त्यांनी नवीनचं मनगट धरलं.

"बिल थकलं, सायबाचा कागद आला का मी पोलावर चढायचो नि लाइट कापायचो," ते म्हणाले. आवाज एकदम खाली आला होता. "खाली घरातली मान्सं हुबी र्‍हायची. बाया हात जोडायच्या. मी खाली बगायचोच नाय. वर बगायचो, कापायचो नि दुसऱ्या पोलाकडं जायचो. लाइट जाताना मानसाचं त्वांड कसं होतं, ते मी आज पयल्यांदा बगितलं." त्यांनी मनगट सोडलं. "ह्यो र्‍हाऊ दे. ह्याची नको कापू."

मग सुप्रिया वहिनी म्हणाल्या, "मी आधीच म्हणत होते, रंगच असणार," आणि लोक एकेक करून माती गोळा करू लागले.

दुसऱ्या दिवशी गड पुन्हा उभा राहिला, जरासा तिरका. त्यावर काळोखात उभे असलेले मावळे फार शोभले, असं म्हणणारेही निघाले. नरकचतुर्दशीला सकाळी काका ठोंबऱ्यांकडे फराळाला आले. चकली कडकडून मोडत त्यांनी ना हरकत पत्र बाहेर काढलं. सही केलेलं होतं. रोहिणी पदराने डोळे टिपत आत गेली ती आणखी चकल्या घेऊन आली. नवीनने पत्र वाचलं, मग अर्थातच पुन्हा वाचलं, आणि सहीच्या वर काकांच्या हाताने लिहिलेली ओळ त्याला दिसली: 'भाडेकरूच्या ताब्यातील एक मशाल रात्री बंद ठेवण्याच्या अटीवर.'

"काका, पण ती..." नवीनने तोंड उघडलं.

"ठाऊक हाय मला," काका म्हणाले. "पन नियम माजाच हाय ना गेटवर. मलाच मोडता येईल व्हय?"

घरमालकाने त्या ओळीबद्दल फोनवर नुसतं प्रश्नचिन्ह पाठवलं. करार मात्र झाला. शिलाई मशीन खिडकीशी राहिली, बायका येत राहिल्या, आणि तो मावळा मशीनशेजारच्या फळीवर उभा राहिला.

रोज झोपायच्या आधी नवीन त्याच्यावर स्टीलची वाटी पालथी घालतो. रोहिणी पोट धरून हसते. तो अंथरुणावर पडतो, चुळबुळत राहतो, मग उठतो, काळोखात चाचपडत फळीपाशी जातो आणि वाकून बघतो, वाटीच्या कडेखालून उजेड तर बाहेर येत नाही ना.